कुंपणाबाहेरचा दगड

‘लोकसहभाग’ हा शब्द कुणी उच्चारला की मी अजूनही तिथून उठून जातो. ऐंशीच्या दशकात मी ज्या खात्यात कारकून होतो, तिथे सहभाग आधी टाइप व्हायचा आणि लोक नंतर गोळा केले जायचे.

हेमलकशापलीकडच्या एका माडिया आदिवासी गावाजवळ मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले जुने दगड होते, पुरुषभर उंचीचे. खात्याने त्यांना वारसा ठरवलं आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. मग गावाची संमती हवी, म्हणून साहेब आणि मी सभेला गेलो. ‘ग्रामस्थांनी नवीन दगड न उभारण्याचे एकमताने मान्य केले’ हे वाक्य माझ्याच हातचं, कचेरीत टाइप करून पिशवीत तयार होतं.

साहेबांनी आधी गावची कोंबडी हाणली. मग ढेकर देत भाषण ठोकलं, की हे दगड तुमचेच, तुम्हीच यांचे राखणदार. मान डोलवायला मी होतोच.

कुंपणाबाहेर एक नवा दगड आडवा पडला होता. एका म्हातारीचा नवरा त्या वर्षी गेला होता. गावातल्या गड्यांनी तो दगड त्याच्यासाठी डोंगरातून ओढत आणलेला. दगड आपल्या माणसांच्या ओळीत उभा राहिल्याशिवाय मेलेला त्यांच्यात जात नाही, असं ते लोक मानतात. म्हातारी पुढे आली. आठवडी बाजारामुळे तिला मराठी बोलता यायचं.

“साहेब, आमच्या बुढ्याले आतमंदी जागा द्या जी. त्याचा बाप तिथीच हाये.”

“जुनं तेवढं जपायचं असतं, बाई,” साहेब दात कोरत म्हणाले आणि मला डोळ्यांनीच खुणावलं, उरक आता.

शाईचा पॅड काढून मी अंगठे घेत सुटलो. कागदावर काय आहे ते कुणाला वाचून दाखवलं नाही. म्हातारीची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, “याच्यानं जागा भेटते ना, भाऊ?”

मलाही जीप गाठायची घाई होती. मी ‘हो’ म्हणालो. इतक्या वर्षांनीही त्या माणसाची मला किळस येते, आणि तो माणूस मीच आहे.

तिने अंगठा उठवला. मग दुसरा हात पुढे केला.

“हा बी घे. हा बुढ्याचा.”

मी तोही घेतला.