मार्लीन ह्रुस्का मतं गोळा करते

मार्लीन ह्रुस्काला डूख धरायची सवय आहे, असं आमच्या डिपार्टमेंटात म्हणतात. म्हणू देत. मी इथली सेक्रेटरी. सगळ्यांची कॉफी आणि सगळ्यांची पापं माझ्या टेबलावरूनच जातात. तिने डूख का धरला ते मला विचारा.

पिट्सबर्गच्या पुढे, नदीकाठी आमचं कॉलेज. तिथला शोधून शिकायचा जीवशास्त्राचा कोर्स मार्लीननेच सुरू केला. पोरांनी कुठूनही माती खणून आणायची आणि तिच्यातून जिवाणू खाणारा विषाणू शोधायचा. सापडला तर त्याचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा, आणि ते नाव देशभराच्या यादीत जातं. काय सापडेल हे मार्लीनलाही ठाऊक नसायचं. पोरं वैतागायची. वर्षअखेरीला त्यांनी निनावी मतं लिहिली: 'ही बाई शिकवतच नाही. प्रश्न विचारला की उलट आपल्यालाच प्रश्न विचारते.'

ती मतं आमचे हेड डॉक्टर ग्रांट एल्सवर्थ यांनी भर बैठकीत वाचली. नुसती वाचली असती तर एक वेळ चाललं असतं. या गृहस्थाने पोरांचे आवाज काढले, माना वेळावल्या, शेवटी उठून मार्लीनची चालसुद्धा करून दाखवली. सगळे पोट धरून हसले. मार्लीन हातात कप धरून बसली होती. पुढच्या टर्मला कोर्स एल्सवर्थकडे गेला आणि मार्लीनची रवानगी वरच्या मजल्यावर झाली, दुसऱ्यांच्या वर्गांतली मतं गोळा करायला.

"त्याला त्याच बैठकीच्या खोलीत बसवून ऐकवीन," ती मला जिन्यात म्हणाली. "आणि माझा कोर्स परत घेईन."

बरीच वर्षं ती थांबली. यंदा एल्सवर्थला डीन व्हायचे डोहाळे लागले. त्यासाठी वर्गाची मतं लागतात. आणि ती घ्यायला येणार कोण? मार्लीन!

रीत अशी, की मतं घेणारी वर्गात आली की प्रोफेसरने बाहेर जायचं. पोरं गटागटाने बोलतात, आणि अख्ख्या वर्गाला पटेल तेवढंच फळ्यावर राहतं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. एल्सवर्थने त्या सकाळी डोनटची खोकी आणली होती. "खा रे, लाजू नका!" चाललं होतं. बाहेर पडताना मार्लीनला म्हणाला, "बघाच आता. माझ्या वर्गात प्रत्येकाला विषाणू सापडतो."

प्रत्येकाला? माती काय याच्या बापाची आहे?

मी रिकामी खोकी उचलायला गेले होते, ती दाराशीच रेंगाळले. पोरं भरभरून बोलत होती. मागच्या बाकावरची शॉना पेट्रोस्की मात्र गप्प होती. मार्लीनने विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "मला नव्हता सापडला. मी आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्यातली माती आणली होती. ते गेले ना. त्यांना आम्ही पॅप जो म्हणायचो. त्या मातीत काहीच निघालं नाही. मी रडायला लागले, तर सरांनी फ्रीजमधली दुसऱ्या कुणाच्या विषाणूची नळी दिली. म्हणाले, हाच तुझा, ठेव नाव. मी पॅपजो ठेवलं."

वर्गाला ते माहीत होतं. कुणी नाही म्हणालं नाही.

"पण माझं नाव नका हं सांगू."

"माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही," मार्लीन म्हणाली. फळ्यावर वाक्य राहिलं: 'स्वतःचा सापडला नाही, तर दुसऱ्याचा हातात दिला जातो.'

मतं वाचायची बैठक मार्लीनची नक्कल झाली होती त्याच खोलीत झाली. मार्लीनने आधी सगळी गोड मतं वाचली. एल्सवर्थ खुर्चीत फुगत गेला. मग तिने ते वाक्य वाचलं. आवाज काढले नाहीत, मान वेळावली नाही. वाचलं आणि थांबली, त्याच्याकडे बघत.

"पुढचं वाचा की," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. त्याची मान लाल झाली, मग कान.

"कोण म्हणालं हे? ती पेट्रोस्की ना? एकदाच दिली मी नळी! रडत होती म्हणून दिली!"



"मी कुणाचं नाव घेतलं नाही, ग्रांट," मार्लीन म्हणाली. "तुम्ही घेतलंत." आणि तिने शांतपणे कॉफीचा घोट घेतला. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बरी जिरली मेल्याची!

खोटा शोध यादीत घातला म्हणून त्याची डीनची खुर्ची हुकली, हेडपद गेलं. मार्लीनला कोर्स परत मिळाला. आणि पॅपजो हे नाव यादीतून काढून टाकलं.

त्यानंतर शॉना ऑफिसात आली. मार्लीन माझ्याच टेबलापाशी उभी होती.

"तुम्ही शब्द दिला होतात."

"मी नाव नाही घेतलं, शॉना."

"तुम्ही त्यांच्याकडे बघत बसलात! सगळे सांगतायत. ते फुटेपर्यंत बघत बसलात. ते काय बोलणार हे तुम्हाला माहीत होतं." ती एक पाऊल पुढे आली. "त्यांना डीन व्हायचं होतं, तुम्हाला सूड हवा होता. मधल्यामध्ये माझे आजोबा गेले. तुम्ही दोघं सारखेच आहात."

मी ताडकन उठले. "ए पोरी, कुणाशी बोलतेयस तू?"

"तू गप्प बस," मार्लीन मला म्हणाली. कधी नव्हे ती माझ्यावर खेकसली. मग तिने एक कोरा कागद शॉनापुढे सरकवला. "हे लिहून दे. माझ्याबद्दलचं मत म्हणून."

"काय उपयोग?"

"लिही तर."

टर्म संपल्यावरच्या बैठकीत मार्लीनच्या कोर्सची मतं वाचायची होती. रीतीप्रमाणे ती दुसऱ्याने वाचायची, पण तिने कागद मागून घेतले. 'प्रश्न विचारला की उलट आपल्यालाच प्रश्न विचारते' याला थोडे हसले. मग तिने शॉनाचा कागद काढला आणि त्याच सपाट आवाजात वाचला. 'सूड हवा होता' वाचलं, 'तुम्ही दोघं सारखेच आहात' वाचलं, आणि कागद खाली ठेवला.

एल्सवर्थ समोरच बसला होता. तोसुद्धा हसला नाही.