काटेरी टाइपातली पत्रिका

माझ्या वडिलांचा जळगावात छापखाना होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या गोऱ्या साहेबांसाठी त्यांनी एक इंग्रजी टाइप ठेवलेला. अक्षरं काळीकुट्ट, रुंद बोरूनं ओढल्यासारखी. उभ्या रेघा जाड, टोकं बाभळीच्या काट्यांसारखी, आणि एकमेकांना अशी चिकटलेली की मधून उजेड येऊ नये. चर्चची पत्रकं, शाबासकीचे दाखले आणि मर्तिकाची कार्डं, एवढंच त्यात छापलं जायचं. साहेब गेले, टाइप खणात पडून राहिला.

सातवी पास झालेली मी स्वतःला बॅरिस्टर समजायचे. लग्न ठरलं, मुलगा मॅट्रिक, रेल्वेत गार्ड. त्याचं नाव पत्रिकेवर इंग्रजीत, याच टाइपात हवं म्हणून मी हटून बसले.

"बाई, यात मेलेल्यांची नावं छापलीत मी," वडील म्हणाले.

"नाना, दाखलेपण छापलेत की!"

आईविना वाढलेली पोर, त्यांनी ऐकलं. लाल शाईत छापलं, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं.

आठवडाही झाला नसेल, मुलाचे मामा दारात उभे. पाणीसुद्धा घेईनात.

"मन्हा भाचा जित्ता शे. त्यान्हं मरतिक कसाले छापं?"

मुलाचे वडील इंजिनात कोळसा टाकायचे. अपघातात ते ड्रायव्हर साहेबासोबत गेले. साहेबाच्या मडमेनं काळ्या चौकटीचं कार्ड यांच्याही घरी पाठवलं. मुलाच्या आईला वाचता येत नव्हतं. सरकारनं नवऱ्याला शाबासकी दिली असं समजून तिनं ते देवापाशी ठेवलं, रोज फूल वाहिलं. पुढे कुणीतरी खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून त्या अक्षरांचा आकार तिच्या डोळ्यांत रुतलेला. आता त्याच आकारात पोराचं नाव! हळद-कुंकू तिला दिसलंच नाही. मर्तिकाचं पत्र फाडावं तशी तिनं पत्रिका उंबऱ्याबाहेर फाडली आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

वडिलांनी टोपी काढून मामांच्या पायांवर ठेवली. ते कार्डही आपल्याच छापखान्यातलं, हे मात्र बोलले नाहीत. पत्रिका पुन्हा छापली, सगळी मराठीत. लग्न झालं.

सासूबाईंनी राग धरला नाही, धास्ती धरली. मुलगा ड्यूटीवर गेला की परत येईपर्यंत उंबऱ्यात बसायच्या, भाकरीला शिवायच्या नाहीत. मी शहाणी पदराआड हसायचे.

"आई, गाडीला उशीर झालाय, दुसरं काही नाही."

"तूच छापेल व्हतं ना? मंग तूच सांग, कव्हय येई तो?"

ते दरवेळी आले. सासूबाई गेल्या त्या अंथरुणावर, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून. मला वाटलं, सुटले बाई त्या उंबऱ्यातून.

पुढे एका संध्याकाळी गाडीला उशीर झाला. मी भाकरी थापल्या, झाकून ठेवल्या आणि उंबऱ्यात जाऊन बसले.