धुतलेली मुळं

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, बरं का. कटिंग मास्तर. सूट शिवणाऱ्या एका दुकानात अडतीस वर्षं उभं राहून त्यांनी कापडं कापली, आणि एक वीतही वाया गेली नाही, असं ते स्वतःच सांगत. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान सुटलं, पण कात्री काही सुटली नाही. कुणीतरी कुंडीतला एक वड दिला, त्याला तार गुंडाळून वळण लावता लावता हे गृहस्थ बोन्सायच्या नादी लागले ते लागलेच. पाच-सहा वर्षांत गच्चीवर तीस कुंड्या झाल्या आणि बायको कपडे वाळत घालायला जागा शोधत फिरू लागली.

गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी नर्सरीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मास्तरांचा वर्ग भरतो. दहा-बारा हौशी माणसं आपापल्या कुंड्या पोटाशी धरून येतात. नवशिक्यांचं असं असतं की एक फांदी कापायची तर पंधरा मिनिटं झाडाभोवती घुटमळतील, घरी फोन करून विचारतील. मास्तर झाडाकडे एकदा बघतात आणि खच्च! लोक ‘अरे बापरे’ म्हणतात. हे ‘अरे बापरे’ ऐकायलाच आमचे हे आठवडाभर जगतात, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. आणि बाईंचं मत सहसा चुकत नाही.

त्या रविवारी चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या ताई आल्या. दोन महिने त्या नुसत्या बघायला येत होत्या, आज मात्र जुन्या चादरीत गुंडाळलेली कुंडी होती हातात. चादर सोडली आणि मास्तरांचे डोळेच विस्फारले. ज्युनिपर, थंड मुलखातलं सुरूसारखं झाड! सव्वीस वर्षांचं. खोडाला असा पीळ की बघत राहावं, आणि प्रत्येक फांदी मोजून-मापून ठेवल्यासारखी.

“माझ्या दादाचं आहे,” ताई म्हणाल्या.

दादा सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. आता ते खिडकीपाशी पलंगावर असतात आणि समोर हे झाड. दोघं भावंडंच घरात. कुंडी मुळांनी गच्च भरली होती, घातलेलं पाणी वरच्यावर वाहून जायचं. दादांना एका हाताने कुंडी बदलणं जमेना आणि परक्याच्या हाती झाड द्यायची त्यांची तयारी नव्हती. ताईंनीच सहा महिने पिच्छा पुरवून त्यांना राजी केलं होतं. “आमचे मास्तर देवमाणूस आहेत, डोळे मिटून दे,” असं सांगून.

मास्तरांनी झाड कुंडीतून सुटं केलं, बांबूच्या काडीने कडेची माती मोकळी केली. ताईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं वेडीवाकडी. “दादाने लिहून दिलंय. अर्धीच माती काढा म्हणतो. उरलेली दोन वर्षांनी.”

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतलीसुद्धा नाही. सगळा वर्ग भोवती उभा होता ना! “दादांना सांगा, अर्धी बाही लावून सूट गिऱ्हाइकाला देता येत नाही,” ते म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. ताईही हसल्या, पण जरा उशिराने. मुळांमध्ये पांढरं, कापसासारखं काहीतरी पसरलं होतं. “ही बघा बुरशी! म्हणून झाड मरगळलंय.” त्यांनी नळाला लावलेला पाईप उचलला आणि सगळी मुळं धुऊन स्वच्छ केली, वड-उंबराची धुवायचे तशीच. मग कात्री. खच्च, खच्च. अरे बापरे, अरे बापरे. नव्या कुंडीत झाड तारेने बांधलं, वरून दोन फांद्यांना नवं वळण दिलं. झाड दिसत होतं मात्र राजासारखं.

सोमवारी सकाळी चहा पिताना मास्तरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आपली जुनी वही काढली. स्वतः शिकत होते तेव्हाची. ज्युनिपरच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘मुळं कधीही पूर्ण धुवू नयेत. पांढरी बुरशी रोग नव्हे, तिच्याशिवाय झाड तगत नाही. निम्मी माती तशीच ठेवावी.’ खाली दोन रेघा मारलेल्या. इतकी वर्षं वड-उंबरच हाताळले, हे पान कधी उघडायची वेळच आली नव्हती. चहावर साय धरली तरी ते तसेच बसून राहिले.

फोन करावा, असं मनात आलं. पण काय सांगणार? की तुमच्या लुळ्या पडलेल्या भावाला जे कळत होतं ते मला कळलं नाही? की त्यांची चिठ्ठी मी वाचायची तसदीही घेतली नाही? जगेलही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. कधीकधी जगतातही.

दुसऱ्या रविवारी ताई झाड घेऊन आल्या. हिरवंगार! वर्गाने कौतुक केलं. ज्युनिपर लबाड असतं. खालून मेलं तरी वरून कितीतरी दिवस हिरवं राहतं. मास्तरांनी खोडाच्या बुडाशी नखाने साल हळूच खरवडली. आत ओलसर हिरवं दिसायला हवं होतं, तिथे तपकिरी निघालं. वर शेंड्यांची पानं अजून मऊ होती, ताजी होती. सगळं कळलं, पण तोंडातून निघालं काय? “छान आहे. सावलीत ठेवा.” आणि ताई खुशीत घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात फोन आला. ताई रडवेल्या झाल्या होत्या. “मास्तर, पानं फिकी पडलीत हो. माझंच चुकलं. बुधवारी दुकानात उशीर झाला, मी पाणी घालायला विसरले. एकच दिवस! दादा बोलत नाहीये माझ्याशी.”

हा क्षण होता, बघा. इथे माणसाने तोंड उघडायचं असतं. मास्तरांनी उघडलंही. “होतं असं कधीकधी,” ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की ते भरल्या ताटावरून उठले. पुढच्या रविवारी ताई वर्गाला आल्या नाहीत. मास्तर मात्र गेले, आणि एक साधी फांदी कापायला त्यांनी इतका वेळ लावला की लोक एकमेकांकडे बघू लागले. घरी आल्यावर बायकोने समोर खुर्ची ओढली.

“अहो, काय केलंत ते सांगा आता. दोन आठवडे बघतेय, गच्चीवर कुंड्यांकडे पाठ करून बसता.”

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोला वाटलं होतं कुठला आजार निघालाय. ऐकून ती म्हणाली, “झाड मारलंत ते मारलंत. पण त्या बिचारीला गुन्हेगार करून ठेवलंत की हो! उठा. चपला घाला.”

ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. कुरकुरत्या गुडघ्यांनी मास्तर एकटेच जिना चढले. ताईंनी दार उघडलं, डोळे सुजलेले. आत खिडकीपाशी दादा उशांना टेकून बसले होते. समोर झाड. आता त्याचा रंग वाळल्या गवताकडे झुकला होता.

मास्तर बसले नाहीत. बसलो तर बोलणं राहून जाईल, असं त्यांना वाटलं. “ताई, तुमच्या पाण्याने काही झालेलं नाही. एका दिवसाने ज्युनिपर मरत नसतं. मी मुळं धुतली. दादांनी लिहून दिलं होतं, मी ऐकलं नाही. झाड माझ्या हातून मेलं.”

ताई मटकन स्टुलावर बसल्या. “म्हणजे मी नव्हे?”

“तुम्ही नव्हे.”

दादा झाडाकडे बघत होते. शब्द जरा ओढत पण नीट म्हणाले, “तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्याच दिवशी शंका आली. खात्री पटली ती पुढच्या रविवारी. साल खरवडली तेव्हा.”

“तेव्हा शेंडे जिवंत होते?”

मास्तरांच्या लक्षात आलं, दादांचा रोख कशाकडे आहे ते. त्यांना तिथल्या तिथे जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. “होते.”

“मग तेव्हाच काड्या काढून लावायच्या. या झाडाच्या.”

अकरा वर्षं मास्तर वर्गाला तेच शिकवत होते. कोवळे शेंडे छाटायचे, ओल्या वाळूत लावायचे, सावलीत जपायचे. दहातले तीन-चार तरी धरतात. मूळ झाड गेलं तरी त्याचंच पिल्लू हाती राहतं. त्या रविवारी कात्री खिशातच होती. पण काड्या लावायच्या तर झाड मरतंय हे सांगावं लागलं असतं.

“पंचवीस लावल्या असत्या आम्ही,” दादा म्हणाले. “हिने लावल्या असत्या, मी सांगितलं असतं. आता एकही लागणार नाही.”

“नाही लागणार,” मास्तर म्हणाले. खोटं बोलायचं आता काही उरलंच नव्हतं.

ताईंनी डोळे पुसले. “मुळांचं मी विसरलेही असते हो, मास्तर. माणसाच्या हातून होतं. पण मी फोनवर रडत होते, माझं चुकलं म्हणत होते, आणि तुम्ही म्हणालात, होतं असं कधीकधी. कसं म्हणवलं तुम्हाला?”

“वर्गात नाक कापलं जाईल म्हणून घाबरलो,” मास्तर म्हणाले. मोठ्याने उच्चारल्यावर ते किती क्षुल्लक होतं हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. “माफ करा,” असंही ते म्हणाले, पण ते कुणी ऐकलं की नाही कळलं नाही.

कारण दादांनी डावा हात पुढे केला होता. मास्तरांकडे नव्हे, बहिणीकडे. “इकडे ये गं. चार दिवस तोंड फिरवून बसलो मी तुझ्याशी. काय काय बोललो तुला.” ताई उठून पलंगाच्या कडेला बसल्या आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागल्या, आणि दादाही.

मास्तर दारापाशी उभे होते. त्यांना कुणी ‘बसा’ म्हणालं नाही, कुणी ‘जा’ही म्हणालं नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी आपणच दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.