सहा किलो मोरचूद

“निऱ्या सोड.”

गेटवर बायकांची झडती घेणाऱ्या हौसाबाईने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत आम्ही दोघीच होतो, पण दार अर्धं उघडं होतं. ते तसंच ठेवायचं, असा मॅनेजरचा हुकूम होता. बाहेर पहिल्या शिफ्टचे लोक कार्ड पंच करायला रांगेत उभे.

मी म्हटलं, “मावशी, माझ्याकडं काही नाही.”

“मला ठावं हाय गं. पण सायबांनी सांगितलंय. मला बी पोट हाय. सोड.”

सोडल्या. तिने पदर झटकला, पोलक्यात हात घातला, परकराची नाडी ओढून बघितली. डब्यातली भाकरीसुद्धा मोडली. कामावर येताना भाकरीत काय लपवून आणणार होते मी? रांगेत कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलं. त्या अर्ध्या दारातून किती जणांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही, पण रोज एकदा तरी ते मनात येतंच.

ती शोधत होती मोरचूद, तांब्याचा निळा क्षार. सहा किलो.

भोसरीच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी कामाला होते. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. स्कूटरच्या भागांवर तांब्याचा थर द्यायचा, वर चकचकीत मुलामा चढवायचा, हे तिथलं काम. माझ्या कागदावर लिहिलं होतं: हेल्पर, चौथी पास. केमिस्टच्या काचेच्या नळ्या धुवायच्या, फरशी पुसायची, आणि तो देईल त्या चिठ्ठीप्रमाणे माल काट्यावर तोलून टाकीत घालायचा.

चौथी पास हे खोटं होतं. मी मॅट्रिक. त्यावर कॉलेजात एक वर्ष सायन्स केलेलं. वडिलांची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली आणि कॉलेज सुटलं. खरं शिक्षण लिहून दोन ठिकाणी अर्ज दिले होते. एका क्लार्कने आधी आडनाव वाचलं, मग शिक्षण वाचलं आणि म्हणाला, “तू झाडू मारणार नाहीस, आणि लॅबमध्ये तुला घेतंय कोण?” आम्ही बौद्ध. आडनावावरून लगेच कळतं. पुढच्या ठिकाणी मी चौथी पास लिहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर.

आमचे जुने केमिस्ट रिटायर झाले आणि हा नवा आला. बी.एस्सी., मालकाच्या नात्यातला, पांढरा कोट कडक इस्त्रीचा. तांब्याची शंभर लिटरची टाकी नव्याने भरायची होती. त्याने चिठ्ठी दिली: मोरचूद सोळा किलो.

मला तिथेच खटकलं. जुने साहेब पंचवीस तोलायला लावायचे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात याने आकडेमोड केली होती, ती मी वाचली. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजन चार वेळा सोळा म्हणजे चौसष्ट. एकूण एकशे साडेएकोणसाठ. हा रेणुभार. एक मोलर द्रावणाला लिटरमागे तेवढे ग्रॅम, शंभर लिटरला सोळा किलो. बेरीज बरोबर होती, सूत्र अर्धं होतं. मोरचुदाच्या स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. पिंपावरच्या लेबलावर सूत्रापुढे ठिपका देऊन ते छापलेलंही असतं. कॉलेजात पहिल्या महिन्यात आम्ही सगळेच ते विसरायचो आणि सर लाल फुली मारायचे. पाण्याचा रेणुभार अठरा; अठरा पंचे नव्वद. ते मिळवले की दोनशे साडेएकोणपन्नास होतात. म्हणजे पंचवीस किलो.

हे सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. चौथी पास बाईला रेणुभार कुठून माहीत? सोळा किलो तोललं आणि टाकीत ओतलं.

आठवड्यात माल परत आला. थराचे पोपडे निघत होते. केमिस्टने टाकी तपासली. त्याच्या हिशेबाने जेमतेम दहा किलो भरलं. सोळा घातलं, दहा सापडलं. मग सहा गेलं कुठं? मी नळ्या धूत होते. माझ्यासमोर तो मॅनेजरला म्हणाला, “या लोकांच्या हातात काटा देऊ नका, मी म्हणत होतोच. चाकणला बटाट्यावर फवारायला मोरचूद लागतं. हिचा भाऊ तिथल्या बाजारात हमाल आहे.”

जणू मी तिथं नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी झडती.

झडतीत काही निघालं नाही. तरी मला केबिनमध्ये नेलं. केमिस्ट खुर्चीत बसलेला. मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सहा किलो माल मी थोडा थोडा बाहेर नेला, माफी असावी, असं त्यात होतं.

“अंगठा उठवतेस की सही येते?”

निऱ्या घाईत खोचल्या होत्या, त्या पुन्हा सुटतील अशी भीती वाटत होती. मी पेन उचललं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. तांबं, गंधक, ऑक्सिजन. मग ठिपका. मग पाच वेळा पाणी.

“साहेब, या सोळा किलोत पावणेसहा किलो पाणी आहे. स्फटिकातलं. ते यांनी धरलंच नाही.”

केमिस्ट म्हणाला, “हिला कुणीतरी पढवून पाठवलंय.”

“मग परीक्षानळी आणि दिवा मागवा.”

मॅनेजरने दोन्ही मागवलं. चिमूटभर मोरचूद मी नळीत तापवलं. निळा रंग उतरत गेला, खाली पांढरी भुकटी राहिली आणि नळीच्या तोंडाशी थेंब जमले. केमिस्ट खिडकीबाहेर बघत होता. पाण्यापायी माझ्या आईने, आजीने काय सोसलं ते मी ऐकत आले होते. माझी साडी सोडली तीही पाण्यापायीच. मला तिथं ओरडावंसं वाटलं.

मॅनेजरने माझी फाइल काढली. “इथं चौथी पास लिहिलंय. खोटी माहिती दिलीस. एवढ्यावरसुद्धा काढता येतं.” मग आवाज मऊ केला. “हे बघ, तोलताना नजरचूक झाली, एवढं लिहून दे. चोरीचं मी फाडून टाकतो. तुझी नोकरी राहील.”

खोटं सांगत नाही, मी विचार केला. घरी वडील बसून. भावाला हमाली रोज मिळेलच असं नाही. एक ओळ लिहायची, बस्स. केमिस्टचा संताप आलाच होता, पण त्याहून जास्त माझा मला आला. चिठ्ठी हातात पडली तेव्हा उत्तर माझ्या तोंडात होतं. त्यांनी मला अडाणी समजावं म्हणून मीच स्वतःला अडाणी लिहून दिलं होतं. आता वर चूकही माझ्याच नावावर लिहायची?

“झडती रांगेसमोर घेतलीत,” मी म्हटलं. “रांगेसमोरच सांगा, ही बाई चोर नाही. मी कामाला लागते.”

मॅनेजर हसला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

होतं. पहिल्यांदाच होतं. आकडेमोडीखाली मी लिहिलं की चिठ्ठीतला रेणुभार चुकला आहे आणि चिठ्ठी केमिस्टच्या हातची आहे. दार उघडं ठेवून माझी झडती घेतली, हे लिहिलं. मी मॅट्रिक आहे, सायन्सचं एक वर्ष झालं आहे, हे लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट, सही. जेवणाच्या सुट्टीआधी मी गेटबाहेर होते.

रांगेला कुणी काही सांगितलं नाही. नंतर हौसाबाई वाटेत भेटली. म्हणाली, “टाकीत आता पंचीस टाकत्यात. त्यो केमिस हायेच. लोकास्नी आजून वाटतंय, तूच चोरलं.”

याला चार महिने झाले. मी अर्ज करते आहे, हेल्परचे नाही, लॅब असिस्टंटचे. शिक्षण खरं लिहिते. मागची नोकरी का गेली, या रकान्यात लिहिते: केमिस्टचा चुकलेला रेणुभार दाखवला म्हणून. तीन ठिकाणांहून नकार आला. वडील म्हणतात, ती ओळ तरी खोड, पोरी. त्यांचं वय झालं, त्यांना भीती वाटते. मला आता वाटत नाही. काल नाशिक रस्त्यावरच्या एका कंपनीचा अर्ज भरला. तीच ओळ लिहिली, जरा मोठ्या अक्षरात. काम मिळो न मिळो, ती ओळ मी खोडणार नाही.