गाडीत ओळख द्यायची नाही

माइकवर बोलायची पाळी माझ्यावर पहिल्यांदा आली ती धाडच्या बाजारात. आम्ही एका लहानशा संस्थेचे तिघं होतो: आमचे साहेब, जीप चालवणारे काका आणि मी. एचआयव्हीची तपासणी लोकांनी आपणहून करून घ्यावी म्हणून गावोगाव सांगत फिरायचं, आणि जे तयार होतील त्यांच्याशी चिखलीच्या सरकारी दवाखान्यात बसून तपासणीच्या आधी आणि नंतर बोलायचं, हे आमचं काम. माइक नेहमी साहेबांकडे असे. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता, म्हणून कागद माझ्या हातात आला.

माझी शाळा अकोल्याची, इंग्रजी माध्यमाची. घरी वऱ्हाडी शब्द तोंडातून निघाला की आई हटकायची. त्यामुळे मला वऱ्हाडी सगळी समजायची, बोलता मात्र यायची नाही, आणि जी मराठी यायची ती छापील होती. "विवाहापूर्वी वर आणि वधू या दोघांनीही स्वेच्छेने रक्ततपासणी करून घ्यावी," मी वाचलं.

मिरच्यांच्या ढिगामागून एक म्हातारा ओरडला, "काय म्हणून राह्यली बे ही पोरगी?"

"लग्नाचं म्हणून राह्यली," शेजारचा म्हणाला. "तुह्यं जमवू का?"

"जमव ना! पण रक्त नाही देत मी. आहे तेवढं बुढीनं पेलं."

सगळी ओळ हसली. मी कागद संपेपर्यंत वाचत राहिले, कारण मध्येच थांबायचं कसं हेही मला सुचत नव्हतं. जीपच्या मागे आम्ही कापडी तंबू ठोकला होता, कुणाला खाजगीत विचारायचं असेल तर. दिवसभरात तिथं एकच माणूस आला. त्याला प्यायला पाणी हवं होतं. सगळ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत त्या तंबूत शिरायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या अंगावर चिखल घेण्यासारखं होतं.

संक्रांतीनंतर साहेबांनी दुसरी युक्ती काढली. गावातल्या बचत गटांना हाताशी धरून हळदीकुंकू करायचं, बाया जमल्या की बोलायचं. धाडच्या रस्त्यावरच्या एका गावात पहिला कार्यक्रम झाला. वाण म्हणून चहाची गाळणी. अंगण भरलं. इथं माइक नव्हता, सगळ्या जवळ बसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या बऱ्याच मोकळ्या निघाल्या.

"डास चावल्यानं होते का वो?"

"डासानं झालं असतं तं आपलं सारं गावच गेलं असतं, माय."

"आन् नवऱ्यानं आणलं तं बाईनं काय करावं? गोळ्या तं भेटत नाही म्हणते सहज. मंग समजून तरी काय करावं?"

या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. औषधं तेव्हा खरंच सहज मिळत नव्हती. पोटातल्या बाळाला जपता येतं, दुसऱ्याला होण्यापासून वाचवता येतं, असं काहीबाही सांगितलं. ते खरं होतं, पण माझ्या तोंडून कोरडं निघालं. तरी काही जणी एकत्र चिखलीला यायला तयार झाल्या. साहेब खूष झाले.

माझं लग्न झालेलं नव्हतं तरी त्यांनी मलाही हळदीकुंकू लावलं. ते धुवायला मी हापशीवर गेले तेव्हा तिथं भिंतीला टेकून एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल, कदाचित लहानच. कपाळ मोकळं. तिनं हापशीचा दांडा हातात घेतला आणि मला पाणी हापसून द्यायला लागली.

"तुमचं सांगणं मले भिंतीआडून अर्धंच आयकू आलं," ती म्हणाली. "बाकीचं सांगता का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. हे आम्हा तिघांनाही जन्मापासून माहीत होतं, आणि कार्यक्रम ठरवताना तिघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. ज्यांचे नवरे टीबी म्हणून खंगून गेले होते, नेमक्या त्याच बाया अंगणाबाहेर राहिल्या होत्या.

तिचा नवरा ट्रकवर होता. दीड वर्षापूर्वी गेला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, आता ती भावाकडे राहत होती. मूलबाळ नव्हतं. भावानं तिचा पाट लावायचं ठरवलं होतं, सुलतानपूरचा एक बिजवर, बायको वारलेला. माणूस बरा आहे म्हणत. पाटाच्या आधी तिला स्वतःच्या रक्ताचं कळून घ्यायचं होतं.

"असन तं मी नाही म्हणन. त्या माणसाचा काय गुन्हा?" ती म्हणाली. "पण मी दवाखान्यात गेली हे भावजयले समजलं, तं रक्तात काही निघो न निघो, सोयरीक मोडते. मंग जन्मभर तिच्या चुलीपाशी."

सोमवारी निराधार योजनेच्या कागदांसाठी ती चिखलीला तहसीलमध्ये जाणारच होती. मी धाडहून त्याच एसटीच्या गाडीनं येते, म्हटलं. तिनं मान डोलावली आणि दांडा सोडून दिला.

"गाडीत मले वळख देऊ नका. दवाखान्यातबी नाही. कधीच नाही."

सोमवारी ती चढली तेव्हा गाडी भरलेली होती आणि माझ्या शेजारचीच जागा रिकामी होती. ती बसली. तिच्या मांडीवर हरभऱ्याच्या टहाळाची जुडी होती. ती एकेक घाटा सोलून खात होती, अधूनमधून चार दाणे आमच्या दोघींच्या मधे बाकावर ठेवत होती, आणि खिडकीबाहेर बघत होती. मी ते दाणे खाल्ले. संबंध रस्ता आम्ही एक शब्द बोललो नाही. पुढच्या बाकावरच्या आजीनं तिला गावाची खबर विचारली, मग माझ्याकडे बघून तिलाच विचारलं, "ही कोणाची वो?"

"कोण जाणे," ती म्हणाली. "साहेबलोकायची दिसते."

दवाखान्यात मागच्या दारानं यायचं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. निकाल येईपर्यंत ती माझ्या समोर बसून होती. तिथं दार बंद होतं, कुणी ऐकणारं नव्हतं, तरी ती बोलली नाही. तपासणीनंतर काय सांगायचं ते मला शिकवलेलं होतं. वाट बघताना काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

काही निघालं नाही. मी तसं सांगितल्यावर तिनं पदराचं टोक हातात धरलं आणि ते कितीतरी वेळ पिळत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

मी तिला म्हटलं, आता त्या माणसानंही तपासणी करायला हवी. त्याची बायको कशानं वारली, कुणाला ठाऊक? ती पहिल्यांदाच हसली, तेही जरा चिडून.

"बाईच्या जातीनं हे त्याले कोणत्या तोंडानं सांगावं? तुले हे कसं ठाऊक, असंच इचारन ना तो पयले."

ती मागच्या दारानंच गेली.

त्या महिन्यात साहेबांनी मला बुलढाण्याच्या बैठकीसाठी इंग्रजीतून टिपण करायला सांगितलं: जीप, हळदीकुंकू आणि एकट्याएकट्याला भेटणं, यांतली कोणती पद्धत बरी. इंग्रजी मला झरझर येतं. माइक वाया गेला, असं मी पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. भेटण्याविषयी मात्र फारसं लिहिता येईना. बस, हरभरा आणि गप्प बसणं ही पद्धत आहे, हे कसं मांडायचं? शिवाय या पद्धतीची किंमत वेगळीच होती. मी चिखलीत कापसाच्या जिनिंगजवळ एका खोलीत भाड्यानं राहत होते. संध्याकाळी भाजीला निघाले की दवाखान्यात भेटलेलं कुणी ना कुणी समोरून यायचं आणि नजर दुसरीकडे वळवायचं. मीही वळवायची. चिखलीत मला ओळखणारी माणसं वाढत गेली आणि ओळख देणारं कुणी उरलं नाही.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा ती आली. या वेळी पुढच्या दारानं, भर दुपारी. सोबत पांढऱ्या टोपीतला एक माणूस, जरा प्रौढ, हातात कापड दुकानाच्या पिशव्या. पाटाचा बस्ता घ्यायला चिखलीला आलेले दिसत होते. भावजय बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबली होती.

ती मला म्हणाली, अगदी परक्या बाईशी बोलावं तसं, "काहो मॅडम, धाडच्या बजारात भोंग्यावर तुमीच होत्या ना? लग्नाच्या पयले वर आन् वधू दोघायनबी रक्त तपासून घ्यावं म्हणे?"

म्हणजे त्या दिवशी तीही बाजारात होती. माझं ते वाक्य तिनं जवळजवळ शब्दाला शब्द धरून ठेवलं होतं.

"यायले खरं वाटत नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, साऱ्या बजारानं आयकलं, मी काय मनचं सांगून राह्यली?"

"हो, मीच होते," मी म्हटलं. "दोघांनीही करावी. बसा."

तो बसला. त्याला मी सगळं सांगितलं, आणि मग तिलाही, पहिल्या शब्दापासून, जणू ती पहिल्यांदाच ऐकतेय. ती मधेमधे "हाव का?" म्हणत होती. तिनं पुन्हा हात पुढे केला, पुन्हा सुई टोचून घेतली. निकाल दोघांना वेगवेगळं बसवून सांगितले. त्याच्यातही काही निघालं नाही. हे मी सांगितलं नसतं; त्यानंच बाहेर आल्याबरोबर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, पैज जिंकल्यासारखं.

निघताना ती दारात थांबली. "मॅडम, तुमचं लग्न झालं का?"

सगळ्या बाया विचारत, तिनं कधी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"मंग तुमीबी पयले नवरदेवाचं रक्त पाहून घेजा."

तो मोठ्यानं हसला. "चाल वो, दुकान बंद होईन." ती त्याच्यामागं गेली. भावजयीच्या हातचा रसाचा गिलास तिनं घेतला आणि दवाखान्याकडे पाठ करून प्यायली. तिनं वळून बघितलं नाही. तसंच ठरलं होतं.

मी आत येऊन अजून अर्धवटच असलेल्या टिपणाचा कागद काढला आणि माइक वाया गेला ही पहिली ओळ खोडली. तिच्या जागी काय लिहावं ते कळेना. साहेब दौऱ्यावर होते, काका जीप धुवायला गेले होते. विचारायला कुणीच नव्हतं.