मग्रिपाचा हातगुण

आमच्या तासबुलाक गावात मग्रिपा आपाच्या बरोबरीनं चालणं कधी कुणाला जमलं नाही. आपा आम्ही वडीलधाऱ्या बाईला म्हणतो, आणि ही तर पायाला भिंगरी लावलेली बाई. सामुदायिक शेतीच्या गोठ्यात आम्ही दोघी दूध काढायचो. माझी एक गाय होईपर्यंत तिची बादली टाकीत रिकामी झालेली असायची आणि वर ती मलाच विचारायची, "कुल्याश, तू गाईची धार काढतेस की तिला अंगाई म्हणतेस?" मी वयानं तिच्यापेक्षा लहान, पण तोंडानं नाही, म्हणून आमचं जमलं.

आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांभोवती काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोर गुंडाळतात आणि गावातल्या एखाद्या चपळ, सुखी माणसाकडून तो कापून घेतात. कापणाऱ्यानं मुलाचे हात धरून त्याला पांढऱ्या कापडावरून पळवत न्यायचं, म्हणजे त्याची चाल मुलाला लागते. मग आमच्या गावात मग्रिपाशिवाय कुणाला बोलावणार? बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळल्याचा वास सुटलेला, दारात बायकांची झुंबड आणि मधोमध ही कात्री घेऊन बसलेली. "चल रे घोडेस्वारा, बापासारखा लोळत पडू नकोस!" म्हणायची आणि पोराला असं पळवायची की पोराची आई मागून ओरडत धावायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

डोंगरापलीकडे लष्कराचं मैदान होतं. तिकडे स्फोट व्हायचा असला की सैनिक येऊन सांगून जायचे. चुली विझवा, घराबाहेर या, ओढ्याच्या पात्रात पालथे पडा. कशासाठी, तर अमेरिकेकडे मोठा बॉम्ब आहे, म्हणून आपल्याकडे त्याहून मोठा हवा. मग तो पाहून अमेरिका आणखी मोठा करणार. आम्ही काही अमेरिका पाहिली नव्हती आणि तिचाही आमच्यावर राग असायचं कारण नव्हतं. तिला आमच्या गावाचं नाव तरी कुठं ठाऊक असणार? पण दोन पैलवानांनी एकमेकांना दंड दाखवायचे आणि हाडं मोडायची ती आमची, असा तो कारभार होता.

अशाच एका सकाळी आम्ही पालथे पडलेलो असताना शेतीचं एक वासरू दावं तोडून पळालं. मग्रिपाच्या पोटात तेव्हा तिचा मुलगा ओराझ होता. ती उठली आणि वासरामागे धावली. मागे धुळीचा खांब आभाळाला टेकत होता, जमीन पायाखाली हलत होती आणि ही बया वासराचा कान धरून त्याला शिव्या देत परत येत होती. सरकारी वासरू. हरवलं असतं तर तिच्या पगारातून कापून घेतलं असतं. बॉम्बाचा हिशेब सरकारकडे कुणी मागत नव्हतं, वासराचा मात्र आमच्याकडे चोख मागितला जायचा.

पुढे स्फोट जमिनीखाली व्हायला लागले, पण गावात काहीतरी बिघडलं होतं. धडधाकट माणसं झिजून मरायला लागली. पोरांच्या नाकातून रक्त यायचं, ते थांबायचं नाही. पांढऱ्या गाडीतून डॉक्टर यायचे, सगळ्यांचं रक्त घेऊन जायचे, आणि काय झालंय विचारलं की म्हणायचे, "शेळ्यांपासून येणारा ताप आहे. दूध उकळून प्या." आम्ही दूध उकळून प्यायलो. लष्कराच्या बंद शहरात भर हिवाळ्यात संत्री मिळायची, असं ओराझ सांगायचा. मोठा झाल्यावर तो तिथून मैदानावर सिमेंटचा ट्रक न्यायचा. आमच्या गावच्या दवाखान्यात एक नर्स होती आणि आयोडीनची बाटली.

मेलेल्या, लुळ्या पडलेल्या पोरांमध्ये एक गोष्ट सारखी होती, ती बायकांच्या लक्षात आली. त्यांचे दोर मग्रिपानं कापले होते. अहो, दोर तिनं सगळ्यांचेच कापले होते, जी पोरं आज घोडे पळवताहेत त्यांचेही! पण दुःखात असलेला माणूस असा विचार करत नाही. हळूहळू तिला बोलावणं येईना. लोक शेजारच्या गावातून कुणाला तरी आणायचे आणि तिच्या घरावरून जाताना नजर खाली घालायचे. विहिरीवर मी एकदा दोघीतिघींची चांगली खरडपट्टी काढली. मग्रिपाच मला म्हणाली, "गप्प बस, कुल्याश. ज्यांचं गेलंय त्यांना बोलू दे."

आणि मग रावशान जन्माला आली. ओराझची मुलगी, मग्रिपाची नात. डोळे तरतरीत, जीभ आजीसारखी तिखट, पण कमरेखाली जीवच नाही. तिच्या वयाची पोरं अंगणभर धावायला लागली तरी ही भिंतीला टेकून बसलेली. मग्रिपाची सून उलझान बोलायला भिडस्त. ती दोर वळून बसली होती, पण सासूला कापायला सांगायचा तिला धीर होईना आणि नको म्हणायचाही होईना. एक दिवस मी तिथंच होते, तेव्हा ती चाचरत म्हणाली, "आपा, राग मानू नका, पण…"

"मानायचाय कशाला?" मग्रिपानं तिला पुढे बोलूच दिलं नाही. "माझा हात नकोच लावायला. मी चांगला हात शोधून आणते."

पोर चालल्याशिवाय दोर कापायचा नसतो, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. पण मग्रिपा म्हणाली, चांगला हात लागला तर आधी दोर कापूनही पोर उठेल. तिनं तालुक्याच्या शर्यतीत पहिली आलेली झाउरेश नावाची मुलगी आणली. घरातला एकुलता एक मेंढा कापला. दोर कापायच्या वेळी मग्रिपा स्वतः उठून कुंपणाबाहेर गेली, तिची सावलीसुद्धा पडायला नको म्हणून. झाउरेशनं दोर कापला, रावशानचे हात धरून तिला उभं केलं, आणि पोरीचे पाय ओल्या फडक्यासारखे खाली दुमडले. रावशान हसत म्हणाली, "आजी, माझे पाय आळशी आहेत."

"पुढच्या वर्षी दुसरा हात बघू," कुंपणाबाहेरून मग्रिपा म्हणाली.

आणि खरंच, दर वसंतात ती कुणालातरी घेऊन आली. नव्वदी गाठलेला, अजून घोड्यावर मांड टाकणारा म्हातारा. सगळी मुलं जगलेली एक बाई. कुणाचं नाव कानावर आलं की ही निघाली, ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका. त्यांच्या पाया पडायची, त्यांना घरी आणायची आणि आपण कुंपणाबाहेर उभी राहायची. ओराझ हे सगळं बघत होता. मैदानावर काय पाहिलं ते बोलणार नाही, अशी सही त्यानं दिली होती आणि ती इमानानं पाळली. आईला डाग लागला तरी पाळली. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

मग दिवस फिरले. शहरांतून लोक रस्त्यावर उतरले, स्फोट बंद करा म्हणायला लागले. आमच्या गावच्या क्लबात, जिथं सभा भरायच्या, आमच्यातलीच एक डॉक्टरीण आली आणि सरळ बोलली. "शेळ्यांचा ताप वगैरे काही नाही. स्फोटांची धूळ गवतावर पडली, गवतातून दुधात आली, दुधातून तुमच्या हाडांत. कुणाला कशानं काय झालं ते एकेकाचं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण मी ऐकलं की इथं एका बाईला दोष देतात. तो दोष तिचा नाही."

ओराझ जमिनीकडे बघत होता. मग एक बाई उठली, तिचा मुलगा गेला होता, आणि मग्रिपाच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. "आपा, मला माफ कर, आपा." मागोमाग बाकीच्या आल्या. मला वाटलं, सुटली एकदाची. माझंही मन भरून आलं.

तेवढ्यात उलझाननं मागून विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझ्या रावशानला काही औषध?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "ती चालणार नाही."

घरी आलो. उलझाननं चहा ठेवला, पण ओतायचा राहून ती सासूच्या पायाशी बसली. "ऐकलंत ना, आपा? तुमचा हात चांगला आहे. पहिल्यापासून चांगला होता. मीच मूर्ख."

मग्रिपा आपल्या तळहातांकडे बघत राहिली. मी तिला रडताना कधीच पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"माझा हात वाईट होता तेच बरं होतं गं," ती म्हणाली. "तोवर दुसरा शोधता येत होता. आता मी कुणाला आणायला जाऊ?"