मावशी आमच्या घरातल्या नाहीत

आईला अर्धांगवायू झाला त्याला अकरा वर्षं झाली, आणि मावशींना आमच्याकडे येऊन तेवढीच. मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे, आईला सांभाळायला ठेवलेल्या बाई. पण त्यांना कामवाली म्हणायला आमची जीभ वळेना आणि पुरता पगार द्यायला हात सैल होईना, म्हणून आम्ही त्यांना मावशी करून टाकलं.

दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, टाचेखाली उशी सरकवायची, गोळ्या कुटून चमच्याने भरवायच्या, ओघळलेलं पुसायचं. इतक्या वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर दर वेळी मावशींचं तोंडभरून कौतुक करतात. कौतुकाला काय, पैसे पडत नाहीत. मावशींची स्वतःची कंबर मात्र पार गेली. आठवड्याची सुट्टी मागितली की दादा, माझा भाऊ, हसून म्हणायचा, "अहो, तुम्ही घरातल्याच! घरातल्या माणसाला कसली सुट्टी?" मीही हसायचे. खोटं कशाला बोलू, ते सोयीचं होतं.

यंदा मावशी साठीला टेकल्या. घरकामगारांच्या पेन्शनसाठी त्यांनी अर्ज केला, तर कार्यालयातून उत्तर आलं की तुमची कामगार म्हणून नोंदच नाही. दादाने पहिल्याच वर्षी, घरकामगारांच्या नोंदणीला माणसं आली तेव्हा, त्यांच्या फॉर्मवर 'नातेवाईक' असं लिहून दिलं होतं. नातेवाईक म्हटलं की किमान वेतन नको, पेन्शनसाठी दर महिन्याची वर्गणी नको, कसली कटकट नको. मावशींनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"ताई, अंगात जोर आहे तोवर ठीक. पुढे मला कोण बघणार?"

तो कागद घेऊनच मी दादाशी भांडले.

"एवढ्या वर्षांची वर्गणी कोण भरणार?" तो म्हणाला.

"आपण दोघं."

"तुला भलताच पुळका आलाय."

"अकरा वर्षं उशिरा आलाय."

मग चार महिने त्या कार्यालयाच्या खेपा. आज शिक्का नाही, उद्या साहेब रजेवर, परवा फोटो जुना. ऑफिसातून अर्धी रजा टाकून त्या बाकड्यावर बसून बसून मी कंटाळून गेले. अखेर दादाने, मान खाली घालून का होईना, आपली चूक लेखी कबूल केली, आणि पडताळणीला एक अधिकारीबाई घरी आल्या. आईला आम्ही यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार?

अधिकारीबाईंनी आधी मावशींना विचारलं, मग मला. "पेशंटलाही विचारावं लागतं," म्हणत त्या खाटेशी वाकल्या.

"आजी, या तुमच्या कोण?"

आईला बोलायला त्रास होतो, पण डोकं शाबूत आहे. तिने मावशींकडे पाहिलं आणि एकेक अक्षर ओढत म्हणाली, "माझी... मुलगी."

अधिकारीबाईंचं पेन थांबलं. सगळं मुसळ केरात जाणार म्हणून मी घाबरले, आणि लाज वाटते सांगायला, पण मला मावशींचा हेवाही वाटला. मुलगी मी होते. मी तोंड उघडणार तोच मावशी पुढे झाल्या. आईचा हात हातात घेतला.

"नाही आई. मी तुमची कुणी नाही. मी इथे पगारावर कामाला आहे."

ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं गेलं. मावशींचा अंगठा नाही, सही झाली. नोंद झाली.

अधिकारीबाई गेल्या. आईचं अंग पुसायची वेळ झाली होती. मावशी गरम पाणी घेऊन आल्या, तर 'कुणी नाही' एवढंच ऐकलेल्या आईने चांगल्या हाताने त्यांचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला ते काम धड येत नव्हतं. मावशी दाराशी उभ्या राहून मला सांगत होत्या, "आधी पाणी कोपराला लावून बघा, ताई. त्यांना चटका सोसत नाही." सांगताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.